कडेचा हात

शूटिंगवाले वारल्याची बातमी मला फोनवर कळली. धामणगाव बढ्याचा माझा एक जुना विद्यार्थी बोलत होता. वाईट वाटून घ्यायला त्यानं मला फारसा वेळ दिला नाही. "सर, तुमच्यापाशी त्यायचा एखांदा फोटो हाये काय? चौकात फ्लेक्स लावाचा हाये, अन् गावात कोनापाशीच फोटो सापडून नाही राह्यला."

मी मोबाइल चाळला, कपाट उपसलं. बायको म्हणाली, "ज्यांनी सगळ्या तालुक्याचे फोटो काढले त्यांचाच फोटो नाही?" खरंच नव्हता. शेवटी गावकऱ्यांनी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. त्या फ्लेक्सचा फोटो मला मोबाइलवर आला. त्यात शूटिंगवाल्यांना कुणीतरी नुकतीच हाक मारली आहे आणि उठावं की बसून राहावं हे त्यांचं ठरत नाहीये, असं दिसतं. फोटो वाईट आहे, पण माणूस बरोबर आला आहे.

ते माझे घरमालक होते. मी देऊळगाव राजाचा. शिक्षकाची पहिली नेमणूक धामणगाव बढ्याला झाली आणि त्यांच्या फोटो स्टुडिओच्या वरची खोली मला भाड्यानं मिळाली. पहिल्या दिवशी वळकटी घेऊन मी खाली उभा राहिलो आणि कुणीही मारतो तशी हाक मारली, "अहो, कोणी आहे का घरात?" आतून "जी!" असा आवाज आला आणि पाठोपाठ पन्नाशीचा एक उंच, वाळका माणूस बाहेर आला. त्यानं खांद्यावरचा कॅमेरा काढून दोन्ही हातांत धरला होता आणि मान खाली घातली होती. मग त्यानं वर पाहिलं. समोर मिसरूड फुटलेला मास्तर पाहून त्याचा चेहरा असा काही उतरला की मलाच अपराध्यासारखं झालं.

"सर, एक गोष्ट सांगून ठेवतो," ते म्हणाले. "मले खालून आवाज द्याचा नाही. जिना चढून या, दार वाजवा, पायजे तं खिडकीवर गोटा मारा. पन हाक मारू नका."

मालक जरा चक्रम दिसतो, अशी मी मनाशी नोंद केली. गावानं ती माझ्या कितीतरी आधी केली होती. गावात त्यांना कुणीच हाक मारत नसे. काम असलं की लोक जवळ जाऊन खांद्याला हात लावत. नाव असतं ते हाक मारायला. हाकच नको म्हटल्यावर त्यांचं नाव गंजून गेलं आणि ते नुसते शूटिंगवाले उरले. मीही त्यांना काका म्हणायचो, तेही हळू आवाजात.

लग्नाच्या शूटिंगला ते गेले की यजमानांची पंचाईत व्हायची. पहिली पंगत बसली की शूटिंगवाले कॅमेरा बंद करून पानावर बसत. नवरदेवाचे मामा अजून उभे आहेत, व्याही रुसून बसले आहेत, आणि हे वरणबट्टी चुरत आहेत. कुणी म्हणालंच की, "अहो, पाव्हने तं बसू द्या," तर शांतपणे म्हणत, "माहा बाप जन्मभर शेवटच्या पंगतीत जेवला. त्याच्या वाटच्या पहिल्या पंगती माह्याकडं हायेत. एकेक फेडून राह्यलो." आणि पुन्हा बट्टी मागत. लोक वाढत.

दुसरा त्रास याहून मोठा होता. त्यांच्या कॅमेऱ्याला मधलं दिसायचं नाही. वडनेर भोलजीच्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांचा कॅमेरा सावकाश सरकत मांडवाच्या टोकाला गेला. तिथं एक बाई उकिडवी बसून राखेनं पातेली घासत होती. वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या. कॅसेटमध्ये हे सगळं नुसतं ऐकू येतं. दिसते ती बाई. टाळ्यांच्या आवाजानं तिनं एकदा मान वर केली आणि पुन्हा पातेल्यात हात घातला. नवरीचा बाप कॅसेट घेऊन भांडायला आला. "अहो, माही पोरगी कुठं हाये याच्यात?" शूटिंगवाले म्हणाले, "फ्रेमच्या मधी कोन हाये ते सगळ्यायलेच दिसते. कडंले कोन हाये ते कोन पाह्यते?" त्या भांडणानंतर त्यांनी दोन कॅमेरे ठेवले. एक तिपाईवर उभा करून नवरा-नवरीवर रोखलेला, गिऱ्हाइकासाठी. दुसरा खांद्यावरचा, स्वतःसाठी. आयुष्यभर दुसऱ्यांची लग्नं काढता काढता त्यांचं स्वतःचं राहून गेलं होतं. खाली ते एकटे आणि वर मी एकटा, म्हणून संध्याकाळची भाकरी आम्ही बहुतेक एकत्रच खायचो.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी त्या 'जी'चं सांगितलं.

त्यांचे वडील गावातल्या एका मोठ्या जमीनदाराच्या घरी सालदार होते. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर बांधलेला गडी. पाडव्याला साल धरायचं आणि पुढच्या पाडव्याला सोडायचं. पण हे सोडणं बोलण्यापुरतं असे. आज्यानं कधीकाळी घेतलेली उचल बापाच्या अंगावर आली, आणि बाप त्याच घरी, त्याच गोठ्यात, बैलांशेजारी झोपून म्हातारा न होताच मेला. आई आधीच गेली होती. त्यामुळे हे पोरही बापाबरोबर गोठ्यातच निजायचं.

"मले बापाचं तोंड आठवत नाही, सर," शूटिंगवाले म्हणाले. "पाठ आठवते. मी त्याच्या पाठीले कान लावून निजो. उजाडाच्या आंधी मालकाचा आवाज ये, 'कोन हाये रे गोठ्यात?' अन् बाप म्हने, 'जी!' ते जी माह्या कानात त्याच्या पाठीतून ये. बाप मेला. मी मलकापूरले काकापाशी गेलो, फोटोचं काम शिकलो, धंदा केला. पन कोनी आवाज देल्ला की माह्या तोंडातून ते निंघतेच. मी उभा राह्यतो, अन् मंग मले समजते की मी उभा राह्यलो."

मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो होतो. दोन्ही हातांत कॅमेरा धरून मान खाली घातलेला तो पहिल्या दिवसाचा माणूस मला दिसत होता. बापानं दुपट्टा खांद्यावरून काढून हातात धरला असणार, तसा यांनी कॅमेरा धरला होता.

स्वतः पिक्चर काढायचं वेड त्यांच्या डोक्यात शिरलं ते पुण्यात. कॅमेरा दुरुस्तीला गेले होते. दुकानदारानं संध्याकाळी या म्हणून सांगितलं. बाहेर ऊन, म्हणून कुठल्याशा सभागृहात फुकट सिनेमा होता तिथं जाऊन बसले. सिनेमा परदेशी होता. पडद्यावर समुद्र दिसला. बराच वेळ नुसता समुद्र, मग एका तळघराची ओली फरशी, मग पुन्हा समुद्र. लोक एकेक करून उठून गेले. शेजारी बसलेल्या एका मुलीनं त्यांना सांगितलं की आफ्रिकेतल्या माणसांना साखळ्या घालून जहाजांतून नेत आणि विकत, त्यांच्यावरचा हा सिनेमा आहे. "मंग मानसं कुठं हायेत?" यांनी विचारलं. ती म्हणाली, त्यांचे फोटोच नाहीत, नावंसुद्धा नाहीत. म्हणून ज्या फरशीवर त्यांना ठेवलं होतं ती फरशी, आणि ज्या पाण्यावरून नेलं ते पाणी. शूटिंगवाल्यांनी तो सिनेमा पुढच्या खेळाला पुन्हा पाहिला. दुकान बंद झालं, कॅमेरा दुसऱ्या दिवशी मिळाला.

गावात आल्यावर चहाच्या टपरीवर त्यांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा मी तिथंच होतो.

"हिरो कोन होता मंग?" एकानं विचारलं.

"नव्हता."

"हिरोईन?"

"नव्हती. मानसं इकली गेली होती बे. त्यायचे फोटोच नव्हते, म्हनून समुद्र दाखोला."

"आपल्या इकडं समुद्र कुठून आनसान? नळगंगेचं धरन दाखवा!"

टपरी हसली. शूटिंगवाले हसले नाहीत. "गोठा दाखवीन," ते म्हणाले आणि उठले.

पण गोठा उरला नव्हता. जमीनदार केव्हाच वारले होते. त्यांचे चिरंजीव दादासाहेब यांनी जुनं घर पाडून तिथं फरश्यांचा, चकचकीत कठड्यांचा बंगला बांधला होता. गोठ्याच्या जागी सिमेंटचा कोबा होता आणि त्यावर ट्रॅक्टर उभा होता. दादासाहेब मोकळे गृहस्थ. ते यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अरे, तुह्या बापाले आमी घरच्यासारखं ठेवलं होतं. कायचा पिक्चर काढतं लेका?" शूटिंगवाल्यांनी ट्रॅक्टरखालचा कोबा बराच वेळ पाहिला आणि कॅमेरा न उघडताच परत आले.

मग त्यांना अल्बम सुचले. गावातले जुने फोटो कसर लागून चालले होते. ते घरोघर फिरले. "तुमचा अल्बम द्या, नवा करून देतो, फुकट." आठवड्याभरात अल्बम स्वच्छ होऊन परत जायचा, आजोबांच्या मिशा पुन्हा काळ्या दिसायच्या आणि लोक खूश व्हायचे. कडा मात्र शूटिंगवाल्यांच्या कॉम्प्युटरवर राहायच्या. फोटोतलं मधलं सगळं ते कापून टाकत आणि कडेला जे सापडलं असेल ते मोठं करत. वरातीतली बत्ती डोक्यावर घेतलेलं अर्धं माणूस. चुलीपुढची एक पाठ. पाळण्याची दोरी ओढणारं मनगट. कुठं नुसती सावली. हे सगळे कुणाचे तरी गडी नाही तर कामाला येणाऱ्या बाया होत्या. फोटोत त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. नेमके तिथं होते म्हणून आले होते.

"मलकापूरच्या स्टुडिओत माहं कामच हे होतं," ते एकदा कडा निवडता निवडता म्हणाले. "गिऱ्हाईक म्हने, हा बाजूचा काढून टाका. मी पट्टी लावो अन् बिलेडीनं काढो. कोनाकोनाचे बाप कापले असतीन म्या." त्यांचा आवाज चढला नाही, ते रडलेही नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी भाकरी खाल्ली नाही.

एका रविवारी दुपारी ते स्वतः जिना चढून वर आले. ते कधीच वर येत नसत. दारात उभं राहून म्हणाले, "सर, बाप सापडला."

दादासाहेबांच्या घरचा पोळ्याचा फोटो होता. फेटा बांधलेले जमीनदार, शेजारी झूल पांघरलेला, शिंगं रंगवलेला बैल, आणि डाव्या कडेला एक हात. बैलाचा कासरा मुठीत घट्ट धरलेला, मनगटात काळा दोरा, अंगठा थोडा वाकडा. मनगटाच्या पुढं फोटो संपला होता. शूटिंगवाल्यांनी तो हात मोठा करत करत सगळ्या पडद्यावर आणला आणि शेजारी स्वतःचा हात धरला. "माहा आंगठा बी थोडा असाच हाये ना?" मला काही तसं दिसलं नाही. पण त्यांच्या तोंडाकडं पाहून मी हो म्हटलं. एवढं सुख मी त्या चेहऱ्यावर आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही.

पिक्चर दाखवायचा दिवस त्यांनी पोळ्याची कर हा धरला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं बैल जुंपत नाहीत, त्यामुळे माणसंही रिकामी असतात. कापूस अजून झाडावर, म्हणून जिनिंगचं गोदाम रिकामं. भर दुपारी पत्र्याची दारं लावून घेतली की आत अंधार. पांढऱ्या चादरी जोडून पडदा केला. गावातला पिक्चर म्हणून सारं गाव लोटलं. दादासाहेब पुढच्या खुर्चीवर.

पहिल्या दोन मिनिटांतच गोंधळ सुरू झाला. लग्नाची कॅसेट पाहायची सवय, त्यामुळे जो तो पडद्यावर आपली माणसं शोधायला लागला. "हे तं आमच्या आत्याचं लगन हाये! पन आत्या कुठं हाये?" "अरे, हा आपलाच ओटा!" दादासाहेब अर्धे उठून ओरडले, "अरे, माह्या बाबाचं मुंडकंच कापलं की रे यानं!" लोक हसले, चिडले, मग कंटाळले. चुलीपुढच्या पाठीकडं किती वेळ पाहणार? आणि मग तो हात आला. हलणं नाही, आवाज नाही, कासरा धरलेली मूठ आणि तिच्याकडं इतका सावकाश जाणारा कॅमेरा की फोटोचे दाणे दिसायला लागले. दारं किलकिली करून लोक निघायला लागले. शूटिंगवाले पडद्याशेजारी उभं राहून म्हणाले, "हा माहा बाप."

बायांच्या बाजूनं एक म्हातारी उठली. आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणारी ही बाई, तिला सगळं गाव मावशी म्हणायचं. तिचा नवराही त्याच जमीनदाराच्या घरी सालदार होता आणि तोही कधीचाच गेला होता. ती चादरीपर्यंत चालत गेली आणि तिनं त्या अंगठ्यावर आपला हात ठेवला. तिच्या हातावर तो हात पडला.

"बाबू," ती म्हणाली, "हा आमच्या मानसाचा हात हाये. आंगठा कडब्याच्या मशीनीत सापडला होता. म्या हळद भरून बांधला. जुडला, पन वाकडा जुडला."

ती भांडत नव्हती. तिनं सांगितलं आणि तिथंच उभी राहिली. शूटिंगवाल्यांनी प्रोजेक्टर बंद केला नाही. तो हात तिच्या पाठीवर, लुगड्यावर तसाच पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन दादासाहेबांकडं गेले. फोटो पुढं ठेवून विचारलं, "या पोळ्याले बैल कोनापाशी होता? माह्या बापापाशी का मावशीच्या घरच्यापाशी?" दादासाहेबांनी चष्मा लावून फोटो जवळ धरला, लांब धरला. खरंच आठवायचा प्रयत्न केला त्यांनी, खोटं कशाला बोलू. "दोघंबी होते रे तवा," ते म्हणाले. "कोन होता ते आता कसं सांगाव? गडी होता." मग बैलाकडं बोट दाखवून म्हणाले, "हा मात्र सर्ज्या. मोठा गुनाचा बैल."

वाटेत मी म्हणालो, "काका, दादासाहेबांनाच सांगता येत नाही. म्हणजे तुमच्या वडिलांचाही असू शकतो."

"नाही सर. तिले वळखू आला. मले वळखू आला नव्हता, म्या फक्त म्हटलं होतं."

त्यांनी त्या हाताची मोठी प्रत काढली, चौकटीत बसवली आणि स्वतः नेऊन मावशीला दिली. भिंतीवर लोक गेलेल्या माणसाचा चेहरा लावतात. मावशीनं हात लावला, त्याला हार घातला, हळदीकुंकू वाहिलं. पिक्चरमधून शूटिंगवाल्यांनी तो काढून टाकला. मावशी राहू दे म्हणाली तरी काढला. त्या जागी काहीच घातलं नाही. पिक्चर तिथपर्यंत यायचा, पडदा काळा व्हायचा, आणि तेवढा वेळ काळाच राहायचा.

तो हिवाळा वाईट गेला. त्यांनी लग्नाची कामं सोडली नाहीत, पण पहिल्या पंगतीला बसायचं सोडलं. कुणी बोलावलं तर म्हणत, भूक नाही. संध्याकाळी मी खाली गेलो की ते त्या काळ्या पडद्यासमोर बसलेले असत. एकदा मी विचारलं, काय पाहता? "बाप होता तिथं," ते म्हणाले. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटायचं, आणि रागही यायचा. राग कुणाचा ते मात्र मला धरता येत नव्हतं.

उन्हाळ्यात एके दिवशी ते म्हणाले, "चित्र नाही तं नाही. आवाज तं हाये." काळ्या पडद्यावर त्यांना ती हाक हवी होती. आधी त्यांनी मला उभं केलं, कारण माझा हजेरी घेण्याचा आवाज. मी घसा साफ करून "कोण आहे रे गोठ्यात?" म्हणालो. ते कितीतरी दिवसांनी हसले. "सर, याच्यावर पोट्टं 'हजर' म्हनन." मग हाकेला उत्तर म्हणून स्वतःचं 'जी' रेकॉर्ड करून पाहिलं आणि पुसून टाकलं. "हे शूटिंगवाल्याचं जी हाये. बापाचं नाही."

शेवटी दादासाहेबांकडंच जावं लागलं. ते एका पायावर तयार झाले. वडिलांचा आवाज आपल्याला हुबेहूब काढता येतो याचा त्यांना अभिमान होता. बंगल्याच्या ओट्यावर उभे राहिले, धोतर सावरलं, आणि कोब्याकडं तोंड करून त्यांनी अशी काही हाक मारली की कठड्यावरचे होले उडाले. "कोन हाये रे गोठ्यात?"

"जी!" शूटिंगवाले म्हणाले. रेकॉर्डर हातात, मान खाली.

हाक बिघडली. पुन्हा घेतली. पुन्हा "जी!" दादासाहेबांना हसू आवरेना. तिसऱ्यांदा घेतली, शूटिंगवाल्यांनी दात आवळले, तरी ते निसटलंच. "रगतात हाये लेका तुह्या," दादासाहेब डोळे पुसत म्हणाले, आणि ते प्रेमानं म्हणाले, हे जास्त वाईट होतं. मी म्हणालो, "काका, चला, राहू द्या." त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. गळ्यातला दुपट्टा काढला, त्याचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. मग हातानं खूण केली. दादासाहेबांनी हाक मारली. ट्रॅक्टरच्या पत्र्यावरून ती घुमून आली आणि विरली. शूटिंगवाले ताठ उभे होते, डोळ्यांत पाणी होतं, आणि रेकॉर्डर मुळीच हलत नव्हता. ती हाक चांगली आली.

पुढं माझी बदली देऊळगाव राजाला झाली. पोळ्याच्या करीला त्यांनी पुन्हा पिक्चर ठेवला तेव्हा मी बस बदलत बदलत पोचलो. या वेळी गाव लोटलं नव्हतं. मागच्या वर्षीच्या कंटाळ्याची सगळ्यांना आठवण होती. तरणी पोरं थोडी. मावशी आली होती. दादासाहेब आपला आवाज ऐकायला पुढच्या खुर्चीवर. आणि मागं, पत्र्याच्या भिंतीला टेकून, गावातले आठ-दहा म्हातारे. त्यांना शूटिंगवाल्यांनी घरोघर जाऊन, खांद्याला हात लावून बोलावलं होतं. कधीकाळी कुणा ना कुणाच्या घरी सालं काढलेले हे लोक, आता मुलांच्या ओसरीवर बसून असत.

शूटिंगवाले माझ्या शेजारी जमिनीवर बसले, म्हाताऱ्यांकडं पाठ करून. कॅमेरा खांद्याला होता. या वेळी तोंडात बोळा नव्हता. मला धास्ती होती ती एवढीच की सगळ्यांसमोर हे उभे राहतील आणि पोरं हसतील.

बत्तीवालं अर्धं माणूस गेलं. चुलीपुढची पाठ गेली. पाळण्याची दोरी ओढणारं मनगट गेलं. पडदा काळा झाला. गोदामात पत्र्याच्या भोकांतून येणाऱ्या दोन-चार किरणांचाच काय तो उजेड उरला. तसाच वेळ गेला. कुणीतरी खोकलं.

"कोन हाये रे गोठ्यात?"

"जी!"

शूटिंगवाल्यांचा आवाज नव्हता तो. मागून आला. एक नाही, चार-पाच आवाज, थोडे पुढं-मागं, जाडे, खरखरीत, आणि एकदम तयार. कुणाची तरी काठी पडली, कुणीतरी उभं राहत होतं. एक पोरगं फिस्सकन हसलं आणि गप्प झालं.

पडद्यावरून हाक पुन्हा आली. या वेळी कुणीच बोललं नाही. म्हातारे जिथल्या तिथं होते, उभा राहिलेला उभाच होता. पुढच्या खुर्चीवर दादासाहेबांचा फेटा दिसत होता. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

मी शेजारी पाहिलं. शूटिंगवाले बसलेलेच होते. त्यांचा हात कॅमेऱ्याच्या पट्ट्यापर्यंत गेला होता आणि तिथंच थांबला होता. डोळे मिटलेले होते, मान किंचित कलती, पाठीला कान लावून निजलेल्या पोराची असावी तशी. बऱ्याच वेळानं ते माझ्याकडं झुकले.

"सर," ते हळूच म्हणाले, "माह्या बापाचा आवाज असाच होता."